दुसऱ्या श्रेणीचे कॉलेज फुटबॉल : ईशान्येकडच्या विभागाला उपांत्य फेरीतली जागा राखून ठेवणे न्याय्य आहे का?

ससक्वेहाना (धागालेखिका)

पेनसिल्व्हेनियातल्या एका लहानशा विद्यापीठाच्या गावात आम्ही अठरा वर्षे राहत आहोत. मुलगी विद्यापीठाच्या बँडमध्ये ड्रम वाजवत असे, म्हणून मी अमेरिकन फुटबॉल पाहू लागले. ती शिकून नोकरीला लागली, पण माझे शरदातले शनिवार अजूनही मैदानावरच जातात. हे फुटबॉल टीव्हीवर दिसणाऱ्या लाखभर प्रेक्षकांच्या सामन्यांचे नव्हे. एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडा संघटनेच्या दुसऱ्या श्रेणीतले संघ बसने प्रवास करतात, आणि त्यांतले बहुतेक खेळाडू काही हिस्सा शिष्यवृत्तीवर तर उरलेला कर्ज काढून शिकत असतात.

या श्रेणीचे विजेतेपद ज्या पद्धतीने ठरते, तिच्याविषयी मला विचारायचे आहे. देशाचे चार मोठे विभाग केलेले आहेत आणि त्यांना सुपर रीजन म्हणतात. २०१६ ते २०२४ या काळात प्रत्येक विभागातून सात, असे एकूण २८ संघ बाद फेरीत येत. २०२५ पासून ही संख्या ३२ झाली. प्रत्येक विभागाचे संघ आधी आपापसांत खेळतात आणि चार विभागांचे चार विजेते उपांत्य फेरीत भेटतात. म्हणजे आमच्या पहिल्या विभागाचा, ज्यात मुख्यतः ईशान्येकडचे संघ आहेत, एक संघ शेवटच्या चारांत असतोच.

आणि तिथे तो हरतो. २०१९ मध्ये स्लिपरी रॉक, २०२१ आणि २०२२ मध्ये शेपर्ड, २०२३ मध्ये कुट्झटाउन आणि २०२४ मध्ये पुन्हा स्लिपरी रॉक, असे सगळे उपांत्य फेरीतच बाहेर पडले. १९७९ मध्ये डेलावेअरने विजेतेपद मिळवले आणि पुढच्याच वर्षी तो संघ वरच्या श्रेणीत गेला; तेव्हापासून ईशान्येकडच्या एकाही संघाला हे विजेतेपद मिळालेले नाही. अंतिम सामन्यापर्यंत तरी कोण पोहोचले, तर १९९० आणि १९९३ मध्ये पेनसिल्व्हेनियातले इंडियाना विद्यापीठ, २००० मध्ये ब्लूम्सबर्ग आणि २०१५ मध्ये शेपर्ड. चारही सामन्यांत त्यांच्या वाट्याला पराभवच आला.

माझे मन या संघांच्या बाजूचे आहे, हे आधीच सांगते. तरीही प्रश्न पडतो, की विभागवार जागा राखून ठेवण्याने आपण स्पर्धेवर अन्याय करत आहोत का?

मिशिगनचा_हिवाळा

धागा वाचून आनंद झाला. मराठी संस्थळावर दुसऱ्या श्रेणीविषयी कोणी लिहील, असे वाटले नव्हते.

अन्याय होतो, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचा फटका आम्हाला बसतो. मिशिगनमध्ये ग्रँड व्हॅली आणि फेरिस ही दोन विद्यापीठे साधारण तासाभराच्या अंतरावर आहेत. ग्रँड व्हॅलीची २००२, २००३, २००५ आणि २००६ अशी चार विजेतेपदे आहेत. फेरिसने २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये बाजी मारली. २०२२ मध्ये हे दोघे दोनदा भेटले. ऑक्टोबरात ग्रँड व्हॅली एका गुणाने जिंकली, डिसेंबरात उपांत्यपूर्व फेरीत फेरिस तीन गुणांनी जिंकले. त्यानंतर फेरिसने अंतिम सामना ४१–१४ असा घेतला. त्या वर्षीचा खरा अंतिम सामना ग्रँड व्हॅलीच्या ॲलनडेल गावातल्या थंडीत उपांत्यपूर्व फेरीतच होऊन गेला, असे आम्ही इथे सगळे मानतो. ग्रँड व्हॅलीच्या मुलांनी कोणता गुन्हा केला होता? ती शेजारच्या गावात शिकत होती, एवढाच.

आकडेमोड

धागालेखिकांच्या यादीत एक भर घालतो. १९९७ मध्ये कनेक्टिकटचे न्यू हेवनही अंतिम सामन्यात होते आणि नॉर्दर्न कोलोरॅडोकडून ५१–० असे हरले. म्हणजे १९७९ नंतर ईशान्येचे पाच अंतिम सामने झाले आणि पाचही हातचे गेले. यातला १९९३ चा पराभव मात्र वेगळा मोजला पाहिजे. इंडियाना ४१–३४ असे हरले ते नॉर्थ अलाबामाकडून, आणि सामना होता अलाबामातल्या फ्लॉरेन्समध्ये, म्हणजे नॉर्थ अलाबामाच्याच गावात. १९८६ ते २०१३ पर्यंत अंतिम सामना तिथेच होत असे. पुढे तो कॅन्सस सिटीला गेला आणि २०१८ पासून टेक्सासमधल्या मॅकिनीला. ईशान्येला तो या काळात एकदाही आला नाही.

दुसरी गोष्ट अशी, की २०१२ चा उपविजेता विन्स्टन-सेलम स्टेट हा संघ त्या वर्षी पहिल्या विभागातूनच आला होता आणि त्याने उपांत्यपूर्व फेरीत इंडियानालाच हरवले होते. तो संघ आहे नॉर्थ कॅरोलायनाचा. विभागाच्या सीमा कागदावर काढलेल्या आहेत आणि त्या सरकवता येतात. त्यामुळे ‘आमचा विभाग’ हा शब्द जपून वापरलेला बरा.

ससक्वेहाना

दुरुस्तीबद्दल मनापासून आभार. न्यू हेवन माझ्या लक्षातून निसटले होते. सीमांविषयीही पटले.

प्रेअरी

मी मिसूरीत, मेरीव्हिलपासून जवळच राहतो. या गावाची वस्ती लहान, आजूबाजूला मक्याची आणि सोयाबीनची शेते, आणि तिथल्या नॉर्थवेस्ट मिसूरी स्टेटची सहा विजेतेपदे : १९९८, १९९९, २००९, २०१३, २०१५ आणि २०१६. विभागाचा दोष किंवा विभागाचे भाग्य असे काही असते, हे मला म्हणूनच मान्य नाही.

१९९४ मध्ये मेल चर्चमा प्रशिक्षक म्हणून आले, त्या पहिल्या मोसमात संघ अकराच्या अकरा सामने हरला. विद्यापीठाने त्यांना काढले नाही. चार वर्षांनी तोच संघ पंधरापैकी पंधरा सामने जिंकून विजेता झाला. २००५ ते २००८ अशी सलग चार वर्षे तो अंतिम सामन्यात हरला आणि पाचव्या वर्षी जिंकला. सलग चार अंतिम पराभवांनंतरही एखादे विद्यापीठ आपल्या प्रशिक्षकामागे उभे राहते, तेव्हा तिथे काय घडत असते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दुकानदार, शेतकरी, प्राध्यापक असे सगळे वर्गणी देतात. आमच्याकडे पहिल्या श्रेणीचे मोठे विद्यापीठ दूर आहे आणि व्यावसायिक संघ पाहायचा तर कॅन्सस सिटी गाठावी लागते. गावाचा शनिवार पूर्णपणे या संघाचा असतो. ईशान्येकडच्या गावांना हे जमू नये, असे काही नाही.

एक_वाचक

प्रेअरी यांच्याशी शंभर टक्के सहमत. इच्छाशक्ती हवी.

खर्चाची_वही

इच्छाशक्तीचा मुद्दा मान्य करूनही मला पैशांविषयी लिहिणे भाग आहे, कारण त्याच्याशिवाय ही चर्चा अधांतरी राहील. मी ईशान्येकडच्या एका खासगी कॉलेजच्या हिशेब विभागात बरीच वर्षे काम केले आहे.

दुसऱ्या श्रेणीत फुटबॉलसाठी जास्तीत जास्त ३६ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी मदत देता येते, आणि ती तुकडे करून शंभरेक खेळाडूंत वाटली जाते. कोणाला निम्मी फी, कोणाला नुसती पुस्तके. ३६ ही कमाल मर्यादा आहे. तेवढे द्यावेच लागते असे नाही. आता विचार करा. सरकारी विद्यापीठात, तेही राज्यातल्याच मुलासाठी, पूर्ण शिष्यवृत्तीची किंमत कमी असते. न्यू इंग्लंडमधल्या खासगी कॉलेजात त्याच पूर्ण शिष्यवृत्तीची किंमत कित्येक पटींनी जास्त होते. कागदावर दोघांची मर्यादा एकच, पण एकाला ती गाठणे परवडते आणि दुसऱ्याला त्याच पैशात तिच्या अर्ध्यापर्यंतही जाता येत नाही. पेनसिल्व्हेनियाची सरकारी विद्यापीठे याला अपवाद ठरायला हवी होती, परंतु तिथे विद्यार्थिसंख्या वर्षानुवर्षे घटत गेली आणि २०२२ मध्ये सहा विद्यापीठांचे विलीनीकरण होऊन दोन संस्था झाल्या. संघ स्वतंत्र राहिले, पण शिक्षणाचाच पैसा अपुरा पडत असताना क्रीडा विभागाची मागणी पुढे करायला कोण धजावणार?

वरून एनसीएएची मदत किती, तर संघटनेच्या एकूण उत्पन्नापैकी दुसऱ्या श्रेणीचा वाटा ४.३७ टक्के. त्यातच सर्व खेळांच्या राष्ट्रीय स्पर्धा आल्या. सुरुवातीच्या फेऱ्या विभागात ठेवण्याचे कारण तत्त्वाचे कमी आणि बसभाड्याचे जास्त आहे. शंभर माणसांचा संघ विमानाने हलवायचा, तर त्या ४.३७ टक्क्यांतून किती वेळा हलवणार?

प्रेअरी

खर्चाची_वही, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या लिहिण्यात, ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांच्याकडे निष्ठाही नाही, असा अर्थ निघत असेल तर तो मला अभिप्रेत नव्हता. आमच्याकडे फी कमी आहे, ही गोष्ट मी गृहीतच धरून चाललो होतो.

उंबरठा

माझा भाचा ओहायोत तिसऱ्या श्रेणीत खेळला, म्हणून तिकडचे थोडे सांगते. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. सगळे दोष पैशाचे असते, तर तिथे समता नांदायला हवी होती. घडले उलटेच. २००५ ते २०११ अशी सलग सात वर्षे अंतिम सामना ओहायोचे माउंट युनियन आणि विस्कॉन्सिनचे व्हाइटवॉटर यांच्यातच झाला. माउंट युनियनची तेरा विजेतेपदे आहेत, त्यांतली अकरा लॅरी केरेस या एकाच प्रशिक्षकाच्या काळातली. त्यांच्या कारकिर्दीत संघ ३३२ सामने जिंकला आणि २४ हरला.

पूर्वेकडची स्थिती तिथेही हीच. १९९१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातले इथाका जिंकले आणि त्यानंतर पूर्वेला विजेतेपद मिळाले ते थेट २०२३ मध्ये, तेही न्यूयॉर्कच्याच कॉर्टलँडला. बत्तीस वर्षे. त्या सामन्यात कॉर्टलँडने इलिनॉयच्या नॉर्थ सेंट्रलला ३८–३७ असे हरवले. शेवटच्या क्षणांत माझ्या बहिणीने फोन ठेवून दिला, कारण तिला बोलवत नव्हते. तिचा मुलगा या दोन्ही संघांत नव्हता, तरीही.

खर्चाची_वही

उंबरठाताई, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण त्याने माझा मुद्दा खोडला जात नाही. शिष्यवृत्ती नसली, की फीचा फरक अधिकच उघडा पडतो. व्हाइटवॉटर हे सरकारी विद्यापीठ आहे, विद्यार्थी दहा हजारांच्या वर, आणि राज्यातल्या मुलांना फी कमी. त्याच्याशी स्पर्धा करणारी बहुतेक कॉलेजे खासगी आहेत आणि त्यांतल्या कित्येकांत दोन-अडीच हजार विद्यार्थी असतात. माउंट युनियन मात्र स्वतः लहान खासगी कॉलेज आहे, आणि त्याचे यश माझ्या हिशेबात बसत नाही, हे मी कबूल करतो.

तळ्याकाठी

ईशान्येचे संघ वर का येत नाहीत, याचे एक कारण कोणी सांगितलेले नाही. जो वर येतो तो निघून जातो. ब्रायंट २००८ मध्ये पहिल्या श्रेणीकडे वळले. २०१९ मध्ये मेरिमॅक, २०२२ मध्ये स्टोनहिल, २०२४ मध्ये ईरीचे मर्सीहर्स्ट आणि २०२५ मध्ये तेच न्यू हेवन, ज्याचा उल्लेख वर झाला. दुसऱ्या बाजूला कॉलेजेच बंद पडतात : ओहायोतले अर्बाना २०२० मध्ये, वेस्ट व्हर्जिनियातले आल्डरसन ब्रॉडस २०२३ मध्ये, क्लीव्हलँडजवळचे नोट्र डेम कॉलेज २०२४ मध्ये. या शेवटच्या संघाने २०१८ मध्ये पहिल्या विभागातून उपांत्य फेरी गाठली होती. सहा वर्षांत उपांत्य फेरीपासून कुलुपापर्यंत.

आल्डरसन ब्रॉडस बंद झाले, तेव्हा मी त्या भागात कामानिमित्त जात असे. ऑगस्टमध्ये मोसम तोंडावर आला असताना मुले नवे कॉलेज शोधत फिरत होती. त्या वेळी विजेतेपद कोणत्या विभागाला मिळाले, हा प्रश्न कोणाला सुचला नसता.

मिशिगनचा_हिवाळा

तळ्याकाठी, वर जाण्याचा प्रकार सर्वत्र आहे. नॉर्थ डकोटा स्टेटने १९८३ ते १९९० दरम्यान दुसऱ्या श्रेणीची पाच विजेतेपदे मिळवली आणि २००४ मध्ये वरची वाट धरली. नॉर्थ अलाबामा २०१८ मध्ये गेले, टेक्सास ए अँड एम–कॉमर्स २०१७ चे विजेतेपद घेऊन २०२२ मध्ये गेले. तरी दक्षिणेत आणि मध्य भागात तोडलेल्या जागी नवे फुटते. वेस्ट फ्लोरिडाने आपला पहिला सामना २०१६ मध्ये खेळला, दुसऱ्याच मोसमात अंतिम सामना गाठला आणि २०१९ मध्ये विजेतेपद मिळवले. तुमच्याकडे ते फुटत नाही, हा खरा प्रश्न आहे.

तळ्याकाठी

फ्लोरिडात शाळकरी खेळाडूंची खाण आहे, आणि वरच्या श्रेणीतून परतणारी मुलेही घराजवळ उबदार जागा शोधतात. आमच्याकडे त्याच मुलासाठी आयव्ही लीगच्या नामांकित विद्यापीठांपासून तिसऱ्या श्रेणीपर्यंत शेकड्याने कॉलेजे रांगेत उभी असतात. पेनसिल्व्हेनियात तर तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजांची दाटी इतकी आहे, की चांगला मुलगा घरापासून अर्ध्या तासावर चांगले शिक्षण घेऊन खेळू शकतो. खेळाडू कमी नाहीत, ते विखुरले जातात.

पश्चिमेकडे तर याहून वाईट आहे, हेही सांगितले पाहिजे. कॅलिफोर्नियात दुसऱ्या श्रेणीचे फुटबॉलच उरलेले नाही. हम्बोल्टने २०१८ च्या मोसमानंतर संघ बंद केला आणि २०२० च्या अखेरीस अझुसा पॅसिफिकनेही.

आकडेमोड

आता मूळ प्रश्नाकडे. सगळ्या देशाची एकच क्रमवारी लावून सर्वोत्तम संघ घ्यावेत, असे म्हणणे सोपे आहे. पण ती क्रमवारी लावणार कशाच्या आधारावर? हे संघ अकरा सामने खेळतात आणि त्यांतले बहुतेक आपल्याच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे ठरलेल्या संघांच्या गटात. बंद गटात एकाचा विजय तो दुसऱ्याचा पराभव असतो, त्यामुळे गट कितीही बलवान असो वा दुबळा, त्याची सरासरी निम्म्यावरच येते. प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांवरून संघाचा कस ठरवायला गेलात, तर दुबळ्या गटातला नऊ विजयांचा प्रतिस्पर्धी आणि बलवान गटातला नऊ विजयांचा प्रतिस्पर्धी कागदावर सारखेच दिसतात. दोन गटांमधले अंतर कळण्यासाठी गटाबाहेरचे सामने लागतात, आणि ते बसभाड्यामुळे होत नाहीत.

म्हणूनच उपांत्य सामना हीच खरी मोजणी असते. २०२१ चा शेपर्डचा संघ घ्या. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, टायसन बेजंट याला त्या वर्षी दुसऱ्या श्रेणीतल्या सर्वोत्तम खेळाडूची हार्लन हिल ट्रॉफी मिळाली, आणि पुढे तो शिकागो बेअर्सकडून एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळला. देशातला सर्वोत्तम खेळाडू हाताशी असताना शेपर्ड फेरिसकडून ५५–७ असे हरले. पुढच्या वर्षी कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्सकडून ४४–१३. एका खेळाडूने हे अंतर भरून निघत नाही. अंतर आहे ते दोन्ही बाजूंच्या आघाडीच्या फळीत, जिथे तीनशे पौंडांच्या आसपासची, तरीही चपळ अशी आठ-दहा मुले लागतात. अशा मुलांनाच शिष्यवृत्तीचे मोठे तुकडे द्यावे लागतात. खर्चाची_वही यांनी मांडलेला हिशेब मैदानावर दिसतो तो तिथे.

शनिवारवाडा

मी पुण्यात बसून हा धागा वाचतो आहे, आणि वाचताना रणजी करंडकाची आठवण होत राहिली. तिथेही विभाग होते. पश्चिम विभागात मुंबई, आणि मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे करंडक जिंकला. आमचा महाराष्ट्राचा संघ कितीही चांगला असला, तरी मुंबईमागे दुसरा आला की त्याचा मोसम संपत असे. इतर विभागांतले त्याहून दुबळे संघ पुढे खेळत राहत. १९७०-७१ पासून प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे घेण्याचे ठरले, आणि त्याच मोसमात अंतिम सामना मुंबई विरुद्ध महाराष्ट्र असा झाला. सामना मुंबईनेच जिंकला. पण दार उघडताच महाराष्ट्र अंतिम सामन्यात पोहोचला, हे माझे वडील कायम सांगत असत, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलत असे.

मिशिगनचा_हिवाळा यांच्या ग्रँड व्हॅलीच्या जागी मला तो महाराष्ट्राचा संघ दिसतो.

मिशिगनचा_हिवाळा

शनिवारवाडा, याहून चपखल उदाहरण मला सापडले नसते. माझ्या वडिलांकडूनही मी त्या मोसमाविषयी ऐकले आहे.

ससक्वेहाना

गेले दोन दिवस सगळे प्रतिसाद वाचते आहे. शनिवारवाडा यांच्या लिहिण्यातून मला एक तोडगा सुचतो, तो मांडते.

आता प्रत्येक विभागातून आठ संघ येतात. दोन फेऱ्या झाल्या, की विभागात दोन उरतात. इथवर सगळे बसने व्हावे, खर्च वाढणार नाही. त्यानंतर मात्र चार विभागांचे मिळून जे आठ संघ उरतील, त्यांना राष्ट्रीय मानांकन देऊन नव्याने जोड्या लावाव्यात. फेरिस आणि ग्रँड व्हॅली दोघेही शेवटच्या आठांत असतील, तर ते अंतिम सामन्यातही भेटू शकतील. आमच्या विभागाचे दोन संघ शेवटच्या आठांत राहतील, म्हणजे आमच्या गावांना नोव्हेंबरचा उत्साह राहील. फक्त उपांत्य फेरीतली राखीव जागा जाईल.

खर्चाची_वही

विमानखर्चाचे चार प्रवास वाढतील. ते एनसीएएला जमण्यासारखे आहे, असे माझ्यासारख्या हिशेबनिसालाही वाटते.

आकडेमोड

तोडग्याला पाठिंबा, पण त्याचा परिणाम काय होईल, हे ससक्वेहानाताईंनी मनाशी पक्के करावे. आज उपांत्यपूर्व सामना विभागातला असल्यामुळे तो स्लिपरी रॉकला किंवा कुट्झटाउनला घरच्या मैदानावर होऊ शकतो. नव्या रचनेत तुमचे संघ बहुधा सातव्या-आठव्या मानांकनावर येतील. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फेरिसच्या गावी, बिग रॅपिड्सच्या बर्फात, फेरिससमोर. पन्नास गुणांचा पराभव उपांत्य फेरीऐवजी एक आठवडा आधी होईल, आणि घरच्या लोकांना तो शेवटचा सामना पाहताही येणार नाही.

ससक्वेहाना

याचा विचार केला होता, आणि काल आमच्या गावातल्या एका जुन्या खेळाडूशीही बोलले. तो इथल्या शाळेत आता प्रशिक्षक आहे. राखीव जागेने उपांत्य फेरीत गेलो, असे कोणी म्हणू नये, एवढेच त्याला हवे होते. डिसेंबरात बिग रॅपिड्सला जावे लागले तर जाऊ, असे तो म्हणाला. माझेही तेच म्हणणे आहे.